बॉनेटवरचा करपलेला डाग: मिनी ट्रॅक्टरच्या रंगाला इंजिनाची आच कशी लागते आणि ती कशी अडवावी

केळीच्या आणि कपाशीच्या ओळींमधून चालणारे १५ ते २५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आता खानदेशात गावोगाव दिसतात. परदेशात बंगल्यांच्या हिरवळीवर आणि बागांमध्ये चालणाऱ्या गार्डन ट्रॅक्टरचे हे कष्टकरी भाऊबंद म्हणता येतील. आकार जवळपास तोच, पण काम कितीतरी जड. यातील बऱ्याच ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर दोन-तीन हंगामांत एक चमत्कारिक डाग उमटतो. बाकीचा पत्रा चांगला चकाकत असतो आणि तळहाताएवढ्या जागेत मात्र रंग आधी काळपट, मग तपकिरी होतो, त्यावर बारीक फोड येतात आणि शेवटी पापुद्रा सुटून खालचा गंज दिसू लागतो. मालक पेंटरला दोष देतो, पेंटर कंपनीच्या रंगाला आणि बघणारे सगळे मिळून भुसावळच्या उन्हाला. डाग पुन्हा रंगवला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात नेमका त्याच जागी परत येतो.

तो त्याच जागी का येतो, हे एकदा समजले की उपायाचे निम्मे काम होते. त्यासाठी उष्णतेच्या वागण्याविषयी थोडे मुळापासून पाहावे लागेल; शाळेच्या विज्ञानापलीकडचे त्यात फारसे काही नाही.

ऊन की आच, हे ओळखायचे कसे

उन्हाने होणारे नुकसान पसरट असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रंगाच्या वरच्या थरातील बांधणी तोडतात, त्यामुळे संपूर्ण बॉनेट, त्यातही वरची सपाट बाजू, हळूहळू फिकट आणि निस्तेज होते. बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी हाताला लागते. लाल आणि नारिंगी छटांमध्ये हे लवकर दिसते. असे बॉनेट पॉलिश केले की काही काळ पुन्हा उजळते, कारण नुकसान वरून सुरू झालेले असते.

इंजिनाच्या आचेने होणारे नुकसान याच्या उलट, आतून बाहेर येते आणि जागा धरून असते. बॉनेट उचलून डागाच्या बरोबर खाली पाहिले की तेथे सायलेन्सर, मॅनिफोल्डचे (सिलिंडरमधला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीचे) वळण किंवा धुराची नळी बॉनेटमधून बाहेर पडते ते भोक, यांपैकी काहीतरी सापडतेच. बॉनेटच्या आतल्या बाजूचा रंग वरच्यापेक्षा जास्त करपलेला असेल, तर उन्हावरचा आरोप मागे घ्यावा.

आणखी खात्री करायची असेल, तर तासभर रोटाव्हेटर चालवून ट्रॅक्टर थांबवावा आणि बॉनेटवर ठिकठिकाणी पाण्याचे एक-दोन थेंब टाकावेत. ज्या जागी थेंब चरचरून उडून जातो, तेथील पत्रा १०० अंशांच्या वर गेलेला आहे. दुरून तापमान दाखवणारी बंदूक असेल तर उत्तमच. मात्र कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरत ती बंदूक येथे चालत नाही. ती माणसाच्या अंगाच्या तापापुरतीच बनवलेली असते. गॅरेजमध्ये वापरतात ती, तीन-चारशे अंशांपर्यंत मोजणारी बंदूक लागते.

लिटरभर डिझेलातली उष्णता जाते कुठे

एक लिटर डिझेल जळले की साधारण १० युनिट विजेइतकी ऊर्जा सुटते. इंजिन कितीही चांगले असले तरी त्यातील तीन, फार तर साडेतीन युनिटच चाकांना आणि रोटाव्हेटरला मिळतात. जवळपास तितकीच ऊर्जा धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली रेडिएटरच्या पाण्यातून व इंजिनाच्या अंगातून हवेत मिसळते. २० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ताणावर तासाला चार-साडेचार लिटर डिझेल पिते. म्हणजे काम करणारी ताकद जेवढी, तिच्या जवळपास दुप्पट उष्णता त्या लहानशा बॉनेटच्या आसपास सतत सुटत असते.

सिलिंडरमधून बाहेर पडणारा धूर पूर्ण भारावर ४५० ते ६०० अंशांपर्यंत तापलेला असतो. त्याला वाट देणाऱ्या मॅनिफोल्डचा आणि सायलेन्सरचा पत्रा भारानुसार २५० ते ४५० अंशांच्या दरम्यान राहतो. मोठ्या ट्रॅक्टरमध्ये हा तापलेला भाग आणि बॉनेट यांच्यात बऱ्यापैकी मोकळी जागा असते. बागेतल्या ट्रॅक्टरमध्ये तशी चैन नसते, कारण तो बुटका आणि अरुंद ठेवायचा असतो. शिवाय फांद्यांना व केळीच्या पानांना अडकू नये म्हणून उभ्या नळीऐवजी आडवा किंवा खाली वळवलेला सायलेन्सर बऱ्याचदा बॉनेटच्या आत नाहीतर अगदी लगत बसवलेला असतो. बॉनेट आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटांचेही अंतर उरत नाही, अशी यंत्रे पुष्कळ आहेत.

उष्णता बॉनेटपर्यंत तीन वाटांनी येते

शाळेत शिकवलेले वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही प्रकार येथे हजर असतात. वहन म्हणजे धातूला धातू टेकून उष्णता पुढे जाणे, अभिसरण म्हणजे तापलेल्या हवेने ती वाहून नेणे आणि प्रारण म्हणजे मध्ये कशाचाही आधार न घेता किरणांच्या रूपाने ती समोरच्या वस्तूवर पडणे.

बॉनेटचा शत्रू मुख्यतः तिसरा प्रकार आहे आणि तो समजायला भरीत पार्टीची आठवण पुरेशी आहे. हिवाळ्याच्या रात्री मळ्यात काट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजताना पाठीला थंडी वाजत असते, पण तोंड असे भाजते की मान वळवावी लागते. तोंडाभोवतीची हवा गार असते. भाजते ते जाळाकडून सरळ येणाऱ्या किरणांमुळे. अशा वेळी कोणी जेवणाचे रिकामे ताट तोंडासमोर धरले, की त्याच क्षणी चटका थांबतो. सायलेन्सर हा तो जाळ आहे आणि बॉनेट हे भाजणारे तोंड. ताट मध्ये कसे धरायचे, हा या लेखाचा खरा विषय आहे.

प्रारणाचा एक गुण फार महत्त्वाचा आहे. तापमान थोडे वाढले तरी ते बेसुमार वाढते. दोनशे अंशांचा पृष्ठभाग जेवढी उष्णता फेकतो, त्याच्या चौपट उष्णता चारशे अंशांचा पृष्ठभाग फेकतो. खानदेशातले भर दुपारचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट उष्णता देते. चारशे अंशांवर तापलेला, गंजलेला किंवा काळा सायलेन्सर तेवढ्याच क्षेत्रातून दहा हजार वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. वरच्या उन्हाच्या नावाने ओरडण्यापूर्वी आतला हा सूर्य पाहायला हवा.

दुसरा गुण पृष्ठभागाचा. कोणता पृष्ठभाग किती उत्सुकतेने उष्णतेचे किरण सोडतो आणि शोषतो, याला उत्सर्जकता म्हणतात. काळा, गंजलेला किंवा कोणत्याही साध्या रंगाने रंगवलेला पत्रा ९० टक्क्यांच्या आसपास असतो, तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियम १० टक्के किंवा त्याहूनही खाली. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बॉनेट आतून पांढरे रंगवले म्हणजे आच परतेल, असे काही जण मानतात. उन्हासाठी पांढरा रंग खरोखर उपयोगी आहे, परंतु सायलेन्सरच्या अदृश्य किरणांना पांढरा, लाल आणि काळा हे तिन्ही रंग जवळपास सारखेच. तेथे धातूची उघडी चकाकीच लागते.

रंगाचे नेमके काय होते

रंगात रंगद्रव्याच्या कणांना धरून ठेवणारी राळ असते. साधा इनॅमल रंग हवेतील प्राणवायू घेऊन सुकतो आणि घट्ट होतो. उष्णता मिळाली की हीच क्रिया थांबायचे नाव घेत नाही. राळ आणखी आणखी कडक होत जाते, पिवळी-तपकिरी पडते, तिचा लवचीकपणा जातो. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांनी साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. तो धरला तर ८० अंशांवर जे झिजणे वर्षभरात होईल, ते १२० अंशांवर महिनाभरात उरकते. म्हणूनच दहा-वीस अंशांची घटसुद्धा क्षुल्लक मानू नये.

त्यात भर म्हणजे पत्रा तापला की प्रसरण पावतो आणि रंगाची राळ त्याच्या कित्येक पट पसरते. रंग नवा आणि लवचीक असतो तोवर ही ओढाताण सहन करतो. कडक झाला की तडकतो. त्या केसाएवढ्या भेगेतून पावसाळ्यात पाणी आत शिरते, खाली गंज धरतो आणि गंज फुगून रंगाला वर उचलतो. आपल्याला फोड दिसतो तेव्हा ही गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

कोणता रंग कुठवर टिकतो, याचा अंदाज असा: साधा इनॅमल सतत ९० ते १०० अंशांच्या पुढे गेला की बिघडू लागतो, भट्टीत भाजलेला कारखान्यातील रंग किंवा हार्डनर (रंग घट्ट करणारे द्रव्य) घालून मारलेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग १२० अंशांच्या आसपास तग धरतो. गावात ब्रशने मारलेला रंग कंपनीच्या रंगापेक्षा लवकर का उडतो, याचे उत्तर बहुधा एवढेच असते.

खानदेशात हे जास्त का जाणवते

जवळपास सर्व पाण्याने थंड होणाऱ्या ट्रॅक्टरांत पुढच्या जाळीतून हवा खेचली जाते, ती रेडिएटरमधून तापून इंजिनावर जाते. रेडिएटर ओलांडताना हवा २०-२५ अंशांनी सहज तापते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-धुळ्याकडे बाहेरचीच हवा ४३ ते ४५ अंशांची असते, म्हणजे बॉनेटखालची हवा ७० अंशांच्या घरात पोहोचते. वरून उन्हात तापलेला गडद पत्राही तितकाच गरम असतो. सायलेन्सरने आपला हात दाखवण्यापूर्वीच रंगाच्या सहनशक्तीतील मोठा वाटा असा खर्च झालेला असतो. थंड मुलुखात तोच ट्रॅक्टर, तोच रंग वर्षानुवर्षे टिकला तर नवल नाही.

कामाची रीतही आचेला पोषक आहे. रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात केळीची लागवड साधारण दीड-दीड मीटरवर असते. तेथे ट्रॅक्टर ताशी दोन-तीन किलोमीटरने सरकतो आणि दाट पानांमध्ये वाऱ्याची झुळूक नसते. पुढून वारा लागून बॉनेट गार होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. उभ्या जागी तासन् तास फवारणीचा पंप किंवा मळणी यंत्र चालवतानाही तेच.

आधी इंजिनाकडे पाहावे, पत्रा नंतर कापावा

करपलेला डाग काही वेळा इंजिनाच्या दुखण्याचा निरोप असतो. मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले असेल तर तेथून तापलेल्या धुराचा झोत सरळ बॉनेटवर बसतो. फटीच्या तोंडाशी काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला आणि थंड इंजिन सुरू करताना फटफट आवाज आला, तर दुसरे काही करण्याआधी पॅकिंग बदलावे. त्या झोतापुढे कोणताही रंग टिकणार नाही.

एअर फिल्टर धुळीने भरला असेल, किंवा डिझेल पंपाचा टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडला असेल, तर डिझेल उशिरा आणि अर्धवट जळते, धूर काळा येतो आणि त्याचे तापमान चढते. ट्रॅक्टरच्या ताकदीपेक्षा मोठा रोटाव्हेटर लावल्यानेही हेच होते. प्रारणाचा स्वभाव वर पाहिलाच आहे. सायलेन्सर पन्नास अंशांनी थंड ठेवता आला, तर बॉनेटवरचा मारा लक्षणीय कमी होतो.

रेडिएटरची जाळी रोज झटकावी, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगावे लागते. कपाशीच्या शेतात रुईचे तंतू आणि पऱ्हाटीची कुट्टी करताना उडणारा भुसा, केळीत वाळलेल्या पानांच्या चिंध्या, हे सर्व जाळीवर बसून हवेची वाट अडवते. हवा मारताना ती आतल्या बाजूने बाहेर मारावी, नाहीतर कचरा रेडिएटरच्या पापुद्र्यांत आणखी घट्ट बसतो.

याच जागी एक गोष्ट आहे जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रेडिएटरच्या चौकटीभोवती, बॉनेटला टेकेल अशी फोमची किंवा रबराची पट्टी असते. ती शोभेची नाही. पंखा रेडिएटरमधून हवा ओढतो तेव्हा मागची तापलेली हवा बॉनेटखालून पुन्हा पुढे सरकून त्याच पंख्यात येऊ पाहते. पट्टी ती वाट बंद ठेवते. दोन-तीन वर्षांत फोम कुजून झडतो, पट्टी कुठेतरी गळून पडते आणि ‘काही बिघडले नाही’ म्हणून कोणी ती परत लावत नाही. मग तीच हवा गोल-गोल फिरून अधिकाधिक तापत राहते, पाण्याचा काटा चढतो आणि बॉनेटही. नवी पट्टी ही या संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

ट्रॅक्टर बंद करण्याची पद्धतही पाहावी. चालू इंजिनात पंखा काही प्रमाणात आच मागे ढकलत असतो. जड कामावरून येऊन एकदम चावी फिरवली की पंखा थांबतो, सायलेन्सर मात्र तापलेलाच राहतो, आणि पुढच्या काही मिनिटांत बॉनेटचा वरचा भाग काम चालू असतानापेक्षाही जास्त तापतो. तीन ते पाच मिनिटे इंजिन मंद गतीवर चालू द्यावे, मग बंद करून बॉनेट उघडे ठेवावे. त्याउलट तापलेल्या बॉनेटवर किंवा इंजिनावर विहिरीचे गार पाणी मारणे टाळावे. रंग तडकतोच, पण बिडाचे मॅनिफोल्डही तडकू शकते.

आडवा पत्रा: कशाचा, कुठे आणि किती अंतरावर

आता ते ताट. सायलेन्सर आणि बॉनेट यांच्या मध्ये एक चकचकीत पत्रा, दोघांनाही न टेकता, बसवायचा आहे. साधा काळा पत्रासुद्धा मध्ये आला तर प्रारणाने जाणारी उष्णता निम्मी होते, कारण तो स्वतः तापून दोन्ही बाजूंना सारखीच परत टाकतो. दोन्ही बाजूंनी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर कागदावरच्या हिशेबात ती सोळाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. प्रत्यक्षात कडांवरून गरम हवा वर जाते, पत्रा धुळीने मळतो, म्हणून तितका फायदा पदरात पडत नाही. तरी पूर्ण मळलेल्या पत्र्याचाही निम्म्याचा लाभ कुठे जात नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा सुमारे १ मिलिमीटर जाडीचा पत्रा मला सर्वांत सोयीचा वाटतो. हाताने वाकतो, गंजत नाही आणि ६६० अंशांपर्यंत वितळत नाही. पातळ स्टेनलेस स्टील आणखी टिकाऊ, पण कापायला चिवट. गावात सहज मिळतो म्हणून पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा वापरण्याचा मोह होतो. त्यावरचा कथिलाचा मुलामा २३२ अंशांवरच वितळतो. चकाकी जाते आणि उरलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. छतासाठी वापरतात त्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावरील जस्तही अशा सततच्या तापाला योग्य नाही, त्यामुळे मॅनिफोल्डजवळ तो लावू नये.

सायलेन्सरपासून सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर आणि बॉनेटपासून दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा राहील अशा बेताने पत्रा बसवावा. या दोन्ही फटी पुढून-मागून उघड्या असाव्यात, म्हणजे पंख्याची हवा त्यांतून वाहत राहील आणि पत्र्याने घेतलेली उष्णता काढून नेईल. चारही बाजूंनी बंद केलेला पत्रा काही वेळाने स्वतःच दुसरा सायलेन्सर बनतो. रुंदीला तो सायलेन्सरपेक्षा दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर जास्त असावा, कारण किरण तिरपेही जातात.

बसवताना नवशिका मिस्त्री चारही कोपरे घट्ट आवळतो. ३० सेंटिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दीडशे अंशांनी तापला की सुमारे १ मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो मध्ये फुगतो, खडखडतो आणि महिन्याभरात बोल्टाशी फाटतो. म्हणून एका बाजूची भोके गोल आणि दुसऱ्या बाजूची लांबट ठेवावीत, बोल्टखाली रुंद वायसर घालावे, आणि आधार शक्यतो इंजिनाच्या थंड भागावरून किंवा चौकटीवरून घ्यावा. कडा दुमडून घ्याव्यात, नाहीतर धार थरथरून वायर किंवा डिझेलची नळी कापेल. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर भोक पाडण्यापूर्वी विक्रेत्याला विचारून घेणे शहाणपणाचे.

पत्रा न लावताही एक छोटा फायदा घेता येतो. सायलेन्सर गंजून काळवंडला असेल तर तो घासून, सहाशे अंशांपर्यंत टिकणारा चंदेरी अ‍ॅल्युमिनियमचा हीटप्रूफ रंग मारावा. काळ्या हीटप्रूफ रंगापेक्षा तो बऱ्याच कमी प्रमाणात किरण सोडतो. दुकानदार काळा पुढे करतो, कारण तोच जास्त खपतो. बॉनेटच्या आतल्या सायलेन्सरसाठी चंदेरीच मागावा.

‘मग बॉनेटलाच हीटप्रूफ रंग का मारू नये?’

हा प्रश्न रास्त आहे, पण सिलिकॉनवर आधारलेल्या या रंगांची एक अट असते: टप्प्याटप्प्याने दोनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ते पक्के होत नाहीत. सायलेन्सरवर ते आपोआप भाजले जातात. बॉनेट तेवढे तापत नाही, आणि तापावे अशी आपली इच्छाही नाही, त्यामुळे तेथे हा रंग कच्चाच राहतो. डिझेलचा ओघळ किंवा नुसते नख लागले तरी निघतो. शिवाय कंपनीच्या लाल-निळ्या छटेशी जुळणारा, चकाकणारा हीटप्रूफ रंग मिळणे अवघड. रंग टिकाऊ करत बसण्यापेक्षा पत्रा थंड ठेवणे सोपे आहे.

‘सायलेन्सरला पट्टी गुंडाळली, किंवा बॉनेटला आतून फॉइल चिकटवली तर?’

मोटारसायकलच्या नळीला गुंडाळतात तशी काचतंतूंची पट्टी आच अडवते, यात वाद नाही. मात्र ती पाणी आणि तेल धरून ठेवते. ओल्या पट्टीखाली सायलेन्सर लवकर सडतो, आणि डिझेल किंवा ऑइलने भिजलेली पट्टी तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट घेऊ शकते. शेतातल्या यंत्रात कुठे ना कुठे ठिबक असतेच, त्यामुळे माझा कल पट्टीच्या विरोधात आहे. जुन्या गॅरेजांत अजून पडून असलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा पुठ्ठा तर हातातही घेऊ नये. तिचे तंतू फुप्फुसात रुतून अनेक वर्षांनंतर कॅन्सर करू शकतात.

बॉनेटला आतून चिकटवायची फॉइल लावलेली गादी काम करते, पण तिचा गोंद दीडशे अंशांच्या आत-बाहेर दम तोडतो. मधोमध सुटलेली गादी लोंबून सायलेन्सरवर किंवा पंख्यात जाते. गोंद आणि पत्रा यांच्यामधील ओल गंजाला आमंत्रण देते, ते वेगळेच. लावायचीच असेल तर पत्र्याच्या जोडीला, दुसरा थर म्हणून, आणि कडा पट्टी-स्क्रूने दाबून.

‘बॉनेटला भोके पाडली, बाजूचे पत्रे काढून ठेवले तर?’

वरच्या बाजूला भोके पाडल्याने गरम हवा निघते हे खरे, पण पावसाचे पाणी अल्टरनेटरवर आणि वायरिंगवर पडते आणि भोकाची कापलेली कड सर्वांत आधी गंजते. बाजूचे पत्रे काढणे त्याहून वाईट. पंखा आणि बेल्ट उघडे पडतात, आणि गळ्यातला रुमाल किंवा उपरण्याचे टोक त्यात सापडून माणूस ओढला जाऊ शकतो. रंग वाचवण्यासाठी घ्यावी अशी ही जोखीम नाही. कंपनीने दिलेल्या झडपा आणि जाळ्या मोकळ्या ठेवणे पुरेसे आहे.

‘एवढा खटाटोप नुसत्या रंगासाठी?’

जुना, विकायचा नसलेला ट्रॅक्टर असेल आणि डागाचे काही वाटत नसेल, तर गंजावर प्राइमर मारून खुशाल विसरून जावे. त्यात कमीपणा नाही. पण जुन्या ट्रॅक्टरचे गिऱ्हाईक आधी बॉनेटच पाहते आणि करपलेला डाग पाहून ‘इंजिन तापते’ असा अर्थ काढून भाव पाडते. दुसरे असे की बॉनेट भाजणारी आच तेथील वायरिंगचे आवरण, रबरी नळ्या आणि बॅटरीही भाजत असते. प्लॅस्टिकचे बॉनेट असेल तर प्रश्न रंगाचा उरतच नाही. ते मऊ पडून वाकते, आणि एकदा वाकलेले परत सरळ होत नाही.

जुना डाग काढून पुन्हा रंगवताना

आडवा पत्रा बसल्यानंतरच रंगकामाला हात घालावा. करपलेला रंग डागाच्या बाहेर दोन-तीन बोटे जाईपर्यंत, पत्रा उघडा होईस्तोवर घासावा, कारण कडेचा रंग वरून बरा दिसला तरी आतून कडक झालेला असतो. बॉनेटच्या आतल्या बाजूचा तेवढाच भागही घासायला विसरू नये. आधी खडबडीत, मग बारीक पॉलिश पेपर वापरून, थिनरने पुसून, इपॉक्सी प्राइमर आणि वर हार्डनर घातलेला पीयू रंग द्यावा. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायची वेळ आली तर अगदी पातळ भरावी. जाड लांबी तापाने सर्वांत आधी सुटते. पीयू रंग फवारताना साधा रुमाल तोंडाला बांधून भागत नाही, योग्य मास्क लागतो आणि जागा मोकळी लागते.

मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर मारलेला रंग वरून लगेच सुकतो, आतला थिनर अडकतो आणि पहिल्याच जड कामाला फोड होऊन बाहेर येतो. भर पावसाळ्यात दमट हवेने चकाकी जाते. पाऊस ओसरल्यावरचे, दसऱ्याच्या मागचे-पुढचे कोरडे दिवस यासाठी चांगले. सकाळी, पत्रा हाताला गार लागत असताना, पातळ दोन-तीन हात द्यावेत. रंग हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असे नव्हे. आठवडाभर तरी ट्रॅक्टर जड कामाला जुंपू नये.

त्यानंतर पहिल्या रोटाव्हेटरच्या दिवशी, पूर्वी जेथे थेंब चरचरला होता तेथे पुन्हा थेंब टाकून पाहावा किंवा बंदुकीने तापमान घ्यावे. मोजताना बंदूक बॉनेटच्या रंगावर धरावी. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर धरली तर ती खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते आणि उगीच समाधान होते. आकडा शंभराच्या खाली असेल तर पत्रा नीट बसला आहे. अजूनही वर असेल तर पत्र्याच्या मागच्या-पुढच्या फटी कचऱ्याने बुजल्या आहेत का, तो कुठे सायलेन्सरला टेकला आहे का आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर नवी काजळी दिसते का, हे याच क्रमाने तपासावे.